फ्रेंच शिकून सरकारी नोकरी लागते का? कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात फ्रेंच शिकवते. बारावीचा निकाल लागला की, आणि राज्यसेवेची यादी लागली की, माझ्याकडं चौकशीला येणारे वाढतात. बारावीनंतर मुलं आई-वडिलांसोबत येतात, राज्यसेवेनंतर एकटीच येतात. प्रश्न मात्र तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. काही उत्तरं वाचून फ्रेंचचा विचार सोडून द्यावासा वाटेल. माझी त्याला हरकत नाही. चुकीच्या आशेवर दोन वर्षं घालवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

फ्रेंचचं प्रमाणपत्र असलं तर भरतीत जादा गुण मिळतात का?

नाही. राज्यसेवा, तलाठी, पोलीस भरती, जिल्हा परिषद, रेल्वे, बँक, कशातही फ्रेंचला गुण नाहीत. एमएससीआयटीसारखं "असायलाच पाहिजे" या यादीतही ते नाही. राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत बारा-बारा तास बसणारा एखादा मुलगा येऊन म्हणतो, "मॅडम, सोबत फ्रेंच करून ठेवतो, कुठंतरी उपयोगी पडंल." त्याला मी परत पाठवते. तो वेळ त्यानं गणिताला आणि चालू घडामोडींना द्यावा.

सरकारी नोकरीशी फ्रेंचचा संबंध दोन वाटांनी येतो. काही पदांवर फ्रेंच हेच काम असतं. आणि काही नोकऱ्या वेगळ्याच परीक्षेतून लागतात, पण लागल्यावर फ्रेंच कामाला येतं. पुढची सगळी उत्तरं या दोन वाटांबद्दल आहेत. आपण कुठल्या वाटेवर आहोत ते आधी ठरवा.

फ्रेंच हेच काम असलेली पदं कोणती?

पहिलं नाव परराष्ट्र मंत्रालयाचं. तिथं दुभाष्यांचं स्वतंत्र केडर आहे. परदेशी शिष्टमंडळ आलं की मंत्र्यांच्या मागच्या खुर्चीवर वही घेऊन बसलेली व्यक्ती आपण बातम्यांत बघतो, ती या केडरमधली असते.

दुसरं संरक्षण मंत्रालय. दिल्लीत या मंत्रालयाची परकीय भाषा शिकवणारी संस्था आहे, १९४८ साली सुरू झालेली. सैन्यदलातले आणि इतर सरकारी खात्यांतले लोक तिथं भाषा शिकतात आणि त्यांना शिकवायला प्राध्यापक लागतात. भूदलाच्या शिक्षण शाखेचं पचमढीचं केंद्रही परकीय भाषा शिकवतं.

तिसरं आकाशवाणी. तिच्या परदेश सेवेनं फ्रेंचमधून कार्यक्रम केलेले आहेत. भाषांच्या विभागांत बातम्यांचा अनुवाद आणि वाचन अशी कामं असतात, पण त्यातलं बरंच काम कायम नोकरीचं नसतं, नेमणुकीनुसार मिळतं.

चौथं, आणि माझ्या मते आपल्या भागातल्या मुलामुलींसाठी सगळ्यात खरं, म्हणजे विद्यापीठ आणि अनुदानित महाविद्यालयातलं अध्यापन. त्यावर पुढं सविस्तर लिहिलं आहे.

या सगळ्या पदांना एक गोष्ट लागू आहे. जागा मोजक्या असतात आणि जाहिरात केव्हा निघेल याचा भरवसा नसतो. तलाठी भरतीसारखी हजारो जागांची लाट इथं येत नाही. त्यामुळं दर आठवड्याला रोजगार समाचार चाळायची सवय लावून घ्या. वाचनालयात येतोच, विकत घ्यायचीही गरज नाही.

यूपीएससीला फ्रेंच हा वैकल्पिक विषय घेता येतो का?

आता येत नाही. पूर्वी फ्रेंच, जर्मन, रशियन, अरबी असे विषय यादीत होते. २०१३ च्या बदलात ते वगळले गेले. आज भाषांपैकी भारतीय भाषांचं आणि इंग्रजीचं साहित्यच घेता येतं. वैकल्पिक विषयाला ५०० गुण असतात, म्हणून जुन्या पुस्तकात वाचून कुणी फ्रेंचच्या मागं लागू नये. मराठी साहित्य मात्र आहे आणि आपल्याकडची मुलं ते घेऊन पास होतात.

भारतीय परराष्ट्र सेवेत जायचंय. आधीच फ्रेंच शिकून ठेवू?

त्या सेवेत निवड होण्यासाठी फ्रेंच लागत नाही. निवड झाल्यावर प्रत्येक अधिकाऱ्याला एक परकीय भाषा सक्तीनं दिली जाते. ती बोलली जाते त्या देशात पाठवून शिकवली जाते आणि तिची परीक्षा पास व्हावीच लागते. फ्रेंच, अरबी, चिनी, रशियन, स्पॅनिश, जपानी अशा भाषा त्यात असतात. तुम्हाला आधी फ्रेंच येतं म्हणून फ्रेंचच मिळेल, असंही नाही. क्रम, पसंती आणि मंत्रालयाची गरज बघून भाषा ठरते.

तरीही एखाद्याला अकरावी-बारावीपासून फ्रेंच आवडत असेल तर त्यानं ते सोडू नये. अर्जात छंद म्हणून लिहिलेली भाषा मुलाखतीत विचारली जाते. तिथं "बोंझूर" म्हणून थांबलेल्या उमेदवारापेक्षा दोन मिनिटं नीट बोलणारा लक्षात राहतो. पण लिहिलं असेल तर यायलाच पाहिजे. पंधरा दिवसांत ॲपवर शिकलेली भाषा त्या अर्जात लिहू नका.

मग यूपीएससी न देता परदेशातल्या दूतावासात जाता येतं का?

येतं, आणि ही वाट आपल्याकडं फार कमी मुलांना माहीत आहे. कर्मचारी निवड आयोगाची पदवीधरांसाठीची संयुक्त परीक्षा, म्हणजे सीजीएल, देणारी मुलं कोल्हापुरात भरपूर आहेत. त्यातून आयकर निरीक्षक व्हायचं एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. त्याच परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी हे पद मिळतं. काही वर्षं दिल्लीत, मग परदेशातल्या भारतीय दूतावासात अशा नेमणुका होत राहतात.

भारताचे दूतावास सेनेगल, आयव्हरी कोस्ट, मादागास्कर, काँगो अशा देशांतही आहेत. तिथं घरमालकापासून पाणीपट्टीच्या कचेरीपर्यंत सगळं फ्रेंचमध्ये चालतं. ज्याला बाजारात भाव करता येतो आणि स्थानिक कचेरीचं पत्र वाचता येतं, त्याचं तिथलं आयुष्य फार वेगळं असतं. आधी सीजीएल पास व्हा, रुजू झाल्यावर फ्रेंच घ्या. या वाटेवर हाच क्रम बरोबर आहे.

फ्रेंच तर फ्रान्समध्येच बोलतात. एवढा उपयोग कुठला?

आफ्रिकेतल्या वीसेक देशांत ती शाळेची किंवा सरकारी कारभाराची भाषा आहे. शिवाय बेल्जियम, स्वित्झर्लंड, कॅनडाचा क्युबेक प्रांत. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी ती एक आहे आणि तिथल्या सचिवालयाचं काम इंग्रजी आणि फ्रेंच या दोनच भाषांत चालतं.

आपल्या रोजच्या जगातही ती आहे, दिसत नाही एवढंच. मोठ्या पोस्टात जाऊन परदेशी पार्सल करा. निळ्या चिठ्ठीवर "पार आव्हियों" लिहिलेलं असतं, म्हणजे विमानानं. जागतिक टपाल संघटनेची अधिकृत भाषा फ्रेंच आहे, म्हणून ते शब्द तिथं आले. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी ती चिठ्ठीच दाखवते. एका मुलाचे वडील पोस्टमन होते. तो म्हणाला, "मॅडम, ही चिठ्ठी आमच्या घरात लहानपणापासून बघतोय, पण त्यावर काय लिहिलंय हे आज कळलं."

घरात सगळे फौजी आहेत. सैन्यात फ्रेंचचा उपयोग होतो का?

होतो. सैनिक टाकळीसारखी गावं असलेल्या जिल्ह्यात हा प्रश्न मला हमखास येतो. भारताच्या तुकड्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमांवर जातात आणि काँगोमध्ये त्या वर्षानुवर्षं राहिल्या आहेत. काँगोची सरकारी भाषा फ्रेंच आहे. गावच्या मुखियाशी बोलायचं, तक्रार लिहून घ्यायची, जखमी माणसाला काय होतंय ते विचारायचं, यासाठी तिथं भाषा लागते. मात्र भरती फ्रेंचवर होत नाही. आधी सैन्यात, मग भाषेच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज.

मराठी मुलांना फ्रेंच अवघड जातं का?

मुलांना वाटतं तेवढं नाही, आणि ज्या कारणासाठी ती घाबरतात त्या कारणासाठी तर नाहीच.

लिंगाचं घ्या. इंग्रजीतून फ्रेंचकडं येणाऱ्याला "खुर्ची स्त्रीलिंगी का?" असा प्रश्न पडतो. आपल्याला तो पडतच नाही. ती खुर्ची, तो दरवाजा, ते घर हे आपण जन्मापासून बोलतो. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही, त्यामुळं एक खाना कमीच. त्रास होतो तो आपलं लिंग आणि त्यांचं लिंग जुळत नाही तेव्हा. आपलं पुस्तक ते, त्यांचं पुल्लिंगी. आपलं घर ते, त्यांचं स्त्रीलिंगी. हे पाठच करावं लागतं.

भूतकाळाचं घ्या. "मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली." खाणारी मीच, पण क्रियापद बदललं ते आंब्याकडं आणि भाकरीकडं बघून. फ्रेंचमध्येही कर्म क्रियापदाच्या आधी आलं की भूतकाळाचं रूप कर्माच्या लिंगाप्रमाणं बदलतं. जगभरातले विद्यार्थी या नियमाला घाबरतात. मराठी मुलाला "भाकरी खाल्ली" आठवायला सांगितलं की काम होतं.

आणि आकडे. माझी आजी अंडी आणि शेणी विसावर मोजायची. एक वीस, दोन विसा, तीन विसा. चार विसा म्हणजे ऐंशी. फ्रेंचमध्ये ऐंशीला "कात्र व्हँ" म्हणतात, आणि त्याचा शब्दशः अर्थ चार विसा. नव्वद म्हणजे चार विसा आणि दहा. नव्व्याण्णव म्हणजे चार विसा, दहा आणि नऊ. आजीजवळ वाढलेली मुलं हे ऐकून हसतात, आणि मग विसरत नाहीत.

तू आणि तुम्हीचा फरकही त्यांच्याकडं आहे. फक्त तिकडं आई-बाबा दोघांनाही "तू". आपल्याकडं आईला अगं आणि बाबांना अहो म्हणणाऱ्या मुलांना ते ऐकायला जड जातं. तोंडी परीक्षेत समोरच्या परीक्षकाला मात्र कायम "तुम्ही".

खरी मेहनत उच्चारात आणि ऐकण्यात आहे. लिहिलेली निम्मी अक्षरं उच्चारली जात नाहीत आणि शब्द एकमेकांत मिसळतात. एक स्वर असा आहे की ओठ "ऊ"चे ठेवून "ई" म्हणायचं. आरशासमोर उभं राहून रोज दहा मिनिटं करा. महिन्याभरात जमतं.

किती दिवसांत येईल?

युरोपच्या मोजपट्टीत ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. ढोबळमानानं सांगायचं तर ए-१ ला शंभरेक तास, ए-२ पर्यंत एकूण दोनशे, बी-१ पर्यंत चारशे, बी-२ पर्यंत सहाशे. आठवड्याला पाच दिवस रोज एक तास धरला तर वर्षाला अडीचशे तास होतात. म्हणजे बी-२ ला जवळजवळ अडीच वर्षं, तीही खाडा न करता. "सहा महिन्यांत फ्लुएंट" ही जाहिरात कुठं दिसली तर हा गुणाकार करून बघा.

नोकरीच्या दृष्टीनं ए-२ वर थांबलेलं फ्रेंच काही देत नाही. दुकानात बोलता येतं, बस. बी-२ पासून दार किलकिलं होतं. दुभाष्याच्या किंवा प्राध्यापकाच्या वाटेला सी-१ धरूनच चालायचं.

दुभाष्याचं काम नेमकं कसं असतं? भाषा आली की जमतं का?

भाषा येणं ही सुरुवात झाली. समोरचा तीन मिनिटं बोलतो, तुम्ही वहीत खुणा करता आणि तो थांबला की सगळं दुसऱ्या भाषेत सांगता. खुणा म्हणजे वाक्यं नव्हेत. बाण, आकडे, अर्धे शब्द.

सगळ्यात जास्त घात आकडे करतात. माझ्या वर्गातला एक प्रयोग सांगते. मी फ्रेंचमध्ये "सत्त्याण्णव हजार" म्हणते. विद्यार्थिनीच्या कानावर पहिला शब्द पडतो "कात्र", ती ४ लिहिते. लगेच "व्हँ" येतं, ती ४ खोडून ८० लिहिते. मग "दीसेत", म्हणजे सतरा. ८० खोडते, ९७ लिहिते. तोवर मी पुढच्या वाक्यात पोचलेली असते आणि ते वाक्य हुकतं. यावर उपाय एकच: आकडा पूर्ण होईपर्यंत पेन उचलून धरायचं. हे सांगून येत नाही, शेकडो वेळा करून येतं.

शिवाय फ्रेंचमध्ये लाख आणि कोटी नाहीत. एक लाख म्हणजे शंभर हजार, एक कोटी म्हणजे दहा मिलियन. "साडेबारा लाख टन ऊस" हे चटकन फ्रेंचमध्ये सांगून बघा, मग कळेल मी काय म्हणते आहे ते.

दुभाष्याला इंग्रजी आणि हिंदीही चोख लागते, कारण दिल्लीत भाषांतर त्या भाषांतून होतं. आपल्या भागातल्या मुलींचं फ्रेंच चांगलं असतं आणि इंग्रजी बोलताना त्या मागं पडतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. दोन्हीकडं सारखं लक्ष द्या.

कोल्हापुरात राहून कुठं शिकता येईल?

शिवाजी विद्यापीठात परकीय भाषांचा विभाग आहे. कुठल्या भाषेच्या कुठल्या पातळीचा वर्ग यंदा चालू आहे, हे प्रवेशाच्या वेळी विभागात जाऊन विचारा. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

पुण्यात दोन मोठी ठिकाणं आहेत. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे आणि आपल्या आधीच्या पिढीतले कितीतरी फ्रेंच शिक्षक तिथंच घडले. दुसरी आलियाँस फ्राँसेज, ही फ्रेंच शिकवणारी संस्था. ती मुंबईतही आहे. तिचे ऑनलाइन वर्ग असतात, त्यामुळं आता प्रत्येक वेळी पहाटेची गाडी पकडायची गरज उरलेली नाही. परीक्षेला मात्र जावं लागतं.

पूर्ण पदवीच फ्रेंचमध्ये करायची असेल तर दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचं इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ ही दोन केंद्रीय विद्यापीठं डोळ्यासमोर ठेवा. फी परवडणारी असते, वसतिगृह असतं. जेएनयूच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बारावीनंतर मुलीला एवढ्या लांब कसं पाठवायचं, असं विचारणाऱ्या आयांना मी सांगते की पुण्यात क्लासची फी, खोलीचं भाडं आणि डबा धरून वर्षाचा हिशेब करा आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

डेल्फ करू की विद्यापीठाचा डिप्लोमा?

सरकारी नोकरी हे ध्येय असेल तर आधी विद्यापीठाची पदवी किंवा पदविका. भारतातल्या सरकारी जाहिरातीत "मान्यताप्राप्त विद्यापीठाची" हे शब्द जवळपास नेहमी असतात आणि कागदपत्रांच्या टेबलावर बसलेला माणूस तेच बघतो.

डेल्फ ही फ्रेंच सरकारच्या शिक्षण मंत्रालयाची परीक्षा आहे, ए-१ ते बी-२ पर्यंत. त्याच्यावर दाल्फ, सी-१ आणि सी-२. डेल्फमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकी २५ गुण. पास व्हायला एकूण ५० लागतात आणि प्रत्येक भागात किमान ५. एका भागात ५ च्या खाली गेलात तर बाकी तिन्हीकडं कितीही पडोत, नापास. हे प्रमाणपत्र कायमचं असतं, मुदत संपत नाही.

माझा सल्ला: पदवी कागदासाठी, डेल्फ स्वतःची खरी पातळी कळण्यासाठी. विद्यापीठाच्या परीक्षेत चांगले गुण पडलेल्या मुलांची डेल्फच्या ऐकण्याच्या भागात त्रेधा उडालेली मी पाहिली आहे. फी पातळीगणिक वाढत जाते, म्हणून प्रत्येक पायरीची परीक्षा द्यायचा हट्ट नको. थेट बी-१ किंवा बी-२ दिली तरी चालते.

प्राध्यापक व्हायचं तर काय करावं?

फ्रेंचमध्ये एमए, किमान ५५ टक्के, आणि मग नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. राखीव प्रवर्गांना टक्केवारीत सवलत असते. नेटमध्ये फ्रेंच हा स्वतंत्र विषय आहे. पहिला पेपर सगळ्यांना सामाईक, १०० गुणांचा. दुसरा फ्रेंचचा, २०० गुणांचा. दोन्ही मिळून तीन तास. फ्रेंच साहित्याचा इतिहास, भाषाशास्त्र, अध्यापनपद्धती, अनुवाद, फ्रेंच भाषक देशांचं साहित्य, एवढं सगळं त्यात येतं. बोलीभाषा चांगली आहे म्हणून कुणी नेट पास होत नाही.

मुलं पडतात ती पहिल्या पेपरात. "आमचा विषय फ्रेंच, आम्हाला आकडेमोड कशाला" असं म्हणत ती तयारी टाळतात. एमपीएससीचा अभ्यास केलेल्यांना मात्र तोच पेपर सोपा जातो. स्पर्धा परीक्षेत गेलेली वर्षं कधीकधी अशी परत मिळतात.

जागा निघेपर्यंत काय? खासगी सीबीएसई शाळांत आणि कनिष्ठ महाविद्यालयांत फ्रेंच शिक्षक लागतात, कारण अकरावी-बारावीला बरीच मुलं फ्रेंच घेतात. ती नोकरी सरकारी नाही. पण हातात काम राहतं, भाषा तुटत नाही आणि बीएड करून ठेवलं तर पगारही बरा मिळतो.

इंजिनिअर आहे. जैतापूर, माझगाव डॉक, राफेल अशा ठिकाणी फायदा होईल का?

भरतीत नाही. ती तुमच्या शाखेच्या परीक्षेवर होते. फ्रेंच कंपनीच्या तंत्रज्ञानावर माझगाव डॉकमध्ये कलवरी वर्गातल्या सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या हे खरं, आणि अशा प्रकल्पात मूळ कागदपत्रं वाचता येणारा माणूस उपयोगी ठरतो हेही खरं. जैतापूर घाटाखालीच असल्यामुळं त्याबद्दल आपल्याकडं फार बोललं जातं. पण सहा अणुभट्ट्यांचा तो प्रस्ताव वर्षानुवर्षं वाटाघाटीतच आहे. त्याच्या भरवशावर भाषा शिकायला घेऊ नका.

भाऊ कॅनडात आहे. तो म्हणतो, तिथं सरकारी नोकरीला फ्रेंच लागतं. खरंय का?

खरं आहे, आणि फ्रेंच येतं म्हणून सरकारी नोकरीची शक्यता थेट वाढते असं ठिकाण म्हणजे कॅनडाच. १९६९ च्या कायद्यानं तिथं केंद्र सरकारच्या कारभारात इंग्रजी आणि फ्रेंच बरोबरीच्या झाल्या. केंद्र सरकारच्या बऱ्याच पदांवर "द्विभाषिक" अशी अट असते. वाचन, लेखन आणि बोलणं यांची पातळी ए, बी, सी अशी वेगवेगळी मोजतात आणि जाहिरातीत "बीबीबी" किंवा "सीबीसी" अशी तीन अक्षरं लिहिलेली असतात. मधलं अक्षर लेखनाचं. ही परीक्षा सरकार स्वतः घेतं, तिचा निकाल पाच वर्षं धरला जातो, आणि पात्र कर्मचाऱ्याला वर्षाला ८०० डॉलरचा द्विभाषिक भत्ता मिळतो.

पण क्रम समजून घ्या. या नोकऱ्यांत नागरिकांना आणि कायम रहिवाशांना प्राधान्य असतं. म्हणजे कोल्हापुरात बसून थेट अर्ज करण्यात अर्थ नाही. आधी तिथं स्थायिक होण्याचा अर्ज, आणि त्यात फ्रेंचचे गुण मिळतात. त्यासाठी डेल्फ चालत नाही. टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा द्यावी लागते आणि तिची मुदत दोन वर्षं. डेल्फ पास होऊन एजंटाकडं गेलेली दोन मुलं माझ्याकडं रडकुंडीला येऊन परत आली होती. आधी विचारलं असतं तर एक फी वाचली असती.

"नोकरीची हमी" देणाऱ्या क्लासला जाऊ का?

जाऊ नका. माझं वय तेव्हा एकवीस. दुसऱ्या शहरातल्या एका क्लासनं "कोर्सनंतर दूतावासात नोकरी" असं लिहून दिलं होतं. वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढून फी भरली. नऊ महिन्यांनी हातात आलं ते त्या क्लासनं स्वतः छापलेलं, सोनेरी कडेचं प्रमाणपत्र. विद्यापीठाच्या खिडकीवर मी ते दाखवलं. समोरच्या बाईंनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि फार मायेनं म्हणाल्या, "बाळ, हे घरी ठेव." मी ए-१ पासून पुन्हा सुरुवात केली. वडिलांना खरं सांगायला मला दोन वर्षं लागली.

म्हणून क्लास लावताना दोनच गोष्टी विचारा. शेवटी परीक्षा कोण घेणार आणि प्रमाणपत्रावर कुणाचं नाव असणार? उत्तर त्या क्लासचंच नाव असेल तर उठून या.

वय अठ्ठावीस. राज्यसेवेचे चार प्रयत्न झाले. आता फ्रेंचकडं वळू?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी बसवते, चहा देते. कारण बहुतेक वेळा प्रश्न फ्रेंचचा नसतोच.

थकून, सुटका म्हणून वळत असाल तर वळू नका. नवी भाषा ही विश्रांती नव्हे. एमए आणि नेट धरून चार-पाच वर्षांचा हिशेब आहे, आणि तोवर पोटापाण्याची सोय लागते. घरची शेती किंवा दुसरं उत्पन्न असेल, रोज दोन तास मन लावून देता येणार असतील, आणि मुख्य म्हणजे भाषेत जीव रमत असेल, तर अठ्ठावीस हे वय अजिबात जास्त नाही. सहायक प्राध्यापकाच्या पदाला नेटमध्ये वयाची अट नाही. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला मात्र आहे. तीन महिने करून बघा. पहिले शंभर तास झाल्यावर पुस्तक उघडायचा कंटाळा येत असेल तर खुशाल थांबा.

गावात फ्रेंच बोलायला कुणीच नाही. सराव कसा करू?

आरएफआय हा फ्रान्सचा जागतिक रेडिओ सोप्या फ्रेंचमध्ये रोज दहा मिनिटांच्या बातम्या देतो, फुकट. टीव्ही-५ मोंदच्या साइटवर पातळीनुसार सराव आहेत, तेही फुकट. आधी सकाळच्या मराठी बातम्या ऐका आणि मग तीच जगाची बातमी फ्रेंचमध्ये ऐका. विषय माहीत असला की कान शब्द पकडतात. कागलजवळच्या गावातली माझी एक विद्यार्थिनी गोठ्यात धार काढताना मोबाइल खुंटीला अडकवून हेच करायची. तिनं बी-२ काढलं, आणि सगळ्यात जास्त गुण ऐकण्यात.

फ्रेंचऐवजी जर्मन किंवा जपानी बरी का?

खासगी नोकरीसाठी, विशेषतः कारखानदारीत, त्या दोन्हींना आपल्याकडं मागणी चांगली आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या उद्योगांशी बोलून बघा. परराष्ट्र व्यवहार, संयुक्त राष्ट्रं आणि आफ्रिका यांच्याकडं ओढा असेल तर फ्रेंच.

परीक्षेच्या फॉर्मवर नाव कसं लिहू?

दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसं, अक्षरन् अक्षर. आपल्याकडं आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. डेल्फच्या फॉर्मवर आडनाव आणि नाव असे दोनच रकाने असतात, आणि वडिलांचं नाव कुठं टाकायचं यात मुलं गोंधळतात. पासपोर्ट असेल तर त्यावर जी विभागणी आहे तीच ठेवा. मुलींनो, लग्नानंतर परीक्षा देणार असाल तर जास्तच जपा. माझी पदवी माहेरच्या नावानं आणि डेल्फ सासरच्या नावानं. एका भरतीत कागदपत्रं तपासताना "या दोन वेगवेगळ्या बाई आहेत" असं म्हणून मला बाजूला बसवलं. विवाह प्रमाणपत्र दाखवलं तरी चाललं नाही, राजपत्रातली नावबदलाची नोंद मागितली. ती काढेपर्यंत मुदत गेली होती. आता मी ती नोंद फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवते, तिच्या चार झेरॉक्ससकट.